वऱ्हाडातला अर्धा ऱ

वऱ्हाड हा शब्द पाटीवर लिहायला तिसरीतल्या पोरालाही अडचण येत नाही. व काढायचा, त्याला चिकटून छोटासा अर्धा र, मग हा, मग ड. संगणकात मात्र हाच शब्द दोन रीतींनी साठवता येतो. एक वऱ्हाड आणि दुसरा वर्‍हाड. चांगला फाँट असला तर दोहोंत तसूभर फरक दिसत नाही. पण पहिल्याच्या पोटात सहा आकडे आहेत, दुसऱ्याच्या पोटात सात. एकाचा शोध घेतला तर यंत्र दुसरा हुडकून देईलच याची खात्री नाही. अमरावती-अकोल्याच्या माणसाला आपल्या मुलखाच्या नावाबद्दल हे कळले की बेचैन व्हायला होते. मला तरी होते. ही दोन रूपे कुठून आली याचा माग काढत गेले, तर वाट कानपुरातून, पुण्यातून आणि तमिळ वर्णमालेतून फिरून पुन्हा अमरावतीच्या राजापेठेतल्या डीटीपीच्या दुकानात येते.

आधी या अक्षराची योग्यता सांगायला हवी. समुद्राला आपण दर्या म्हणतो आणि सातपुड्यात दऱ्या असतात. पीठावरच्या आचार्यांना नमस्कार करतो आणि पंगतीच्या आचाऱ्यांना बिदागी देतो. रफार आला की आधीच्या अक्षरावर आघात बसतो, अर्धा र आला की बसत नाही. तोंडाला हा फरक उपजत ठाऊक आहे आणि मराठी लिपीने तो इमानाने जपला आहे. शिवाय हे अक्षर सणासुदीला काढायचे नव्हे, रोजच्या वापरातले आहे. शेतकरी, वारकरी, गावकरी, व्यापारी, अधिकारी यांतल्या कुणालाही ला, चा, नी असे काही लावा, अर्धा र हजर होतो. शेतकऱ्याच्या नावाने निघालेली एकही घोषणा, एकही अर्ज, एकही बातमी त्याच्यावाचून लिहिता येत नाही. सातबाऱ्यावर तो आहे, बिऱ्हाडात आहे, कुऱ्हाडीत आहे. वावरात उभी असते ती पऱ्हाटी, तीत आहे. तिवसा तालुक्यातल्या कुऱ्हा गावाच्या नावात आहे, तापीकाठच्या बऱ्हाणपुरात आहे. आणि नवऱ्यामुलाबरोबर निघणाऱ्या वऱ्हाडी मंडळींच्या तर कपाळावरच आहे.

हिंदीला हा र लागत नाही. पुढच्या साऱ्या घोळाचे मूळ इथे आहे. देवनागरी म्हटले की दिल्लीकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिंदीची वर्णमाला येते, आणि तीत न बसणारे मराठीचे जे काही असेल ते शेवटी कुठेतरी अंग चोरून बसते.

छापखान्याच्या काळात प्रश्न सोपा होता. अक्षर हवे तर त्याचा खिळा ओतायचा. देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जायची आणि कंपोझिटरच्या केसमध्ये घरेच घरे व्हायची. ही संख्या आटोक्यात आणण्यासाठी लोकमान्य टिळकांनीही बरेच डोके चालवले होते. पण खिळे कमी झाले काय नि जास्त झाले काय, जे चिन्ह ओतले ते मिळे. एकोणिसाव्या शतकात अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’ निघत असे. त्याच्या नावातच हे अक्षर होते. अंकाच्या माथ्यावर ते आले की वाचक वाचून मोकळा. त्या अक्षराला कुठला नंबर आहे का, हे विचारण्याचे कुणाला कारण नव्हते.

नंबराची गरज संगणकाने आणली. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हा करार एकदा झाला की मग एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर वाचता येते. इंग्रजीचा करार आधीच झालेला होता आणि त्यात १२८ जागा होत्या. आठ बिटांच्या एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात, म्हणजे वरच्या १२८ जागा मोकळ्या होत्या. भारतीय लिप्यांना तेवढ्यात घर करायचे होते.

हे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले. प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा यांच्या हाताखाली मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर उमटवण्याचे जे तंत्र उभे केले, ते जिस्ट या नावाने ओळखले जाऊ लागले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि जिस्टचा संसार तिकडे हलला. संगणकात एक कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी, तमिळ, बंगाली उमटू लागे. त्या काळी हे केवढे मोठे काम होते याची आज कल्पना येणार नाही. या सगळ्यामागे जो अक्षरांचा करार होता, तो १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध केला. तोच इस्की.

इस्कीची मूळ कल्पना फार देखणी होती. भारतातल्या साऱ्या प्रमुख लिप्या ब्राह्मीच्या लेकी. मग प्रत्येकीसाठी निराळा तक्ता कशाला? क चा एकच आकडा ठेवायचा. देवनागरी निवडली तर तो देवनागरी क दिसेल, तेलुगू निवडली तर तेलुगू क. एक तक्ता, साऱ्या लिप्या. मात्र त्यासाठी प्रत्येक भाषेचे खास अक्षर त्या एका तक्त्यात सामावून घ्यावे लागले. तमिळ-मलयाळममध्ये साध्या र शिवाय आणखी एक कडक र आहे. तमिळला जागा दिली, तर देवनागरीतही तिच्या समोर काहीतरी हवे. म्हणून र च्या खाली टिंब देऊन ऱ हे अक्षर त्या जागी बसवले. इस्कीत र चा आकडा २०७, आणि हा टिंबवाला ऱ २०८.

मराठीत पूर्ण ऱ लागतच नाही. दाक्षिणात्य नाव हुबेहूब लिहायचे असेल तरच त्याचा उपयोग. म्हणजे त्याचे अर्धे रूपही मोकळे पडले होते. इकडे मराठीला असा एक अर्धा र हवा होता, जो रफार होऊन डोक्यावर चढणार नाही. करार करणाऱ्यांनी या दोघांची गाठ घालून दिली. २०८ घ्या, त्याला २३२ क्रमांकाचा हलंत लावा, पुढे य किंवा ह द्या, की ऱ्य, ऱ्ह तयार. मला ही तोड मनापासून आवडते. १२८ जागांच्या त्या चिंचोळ्या घरात मराठीसाठी एकही जादा जागा न मागता मराठीचे खास अक्षर वाचवले गेले, आणि तेही तमिळच्या शेजाराने. वऱ्हाडातला र तमिळच्या ऱ च्या जागेवर बसला आहे हे किती जणांना माहीत असेल?

त्याच सुमारास अमेरिकेत जगातल्या साऱ्या लिप्यांचा एकच करार करण्याची खटपट चालली होती. युनिकोड कन्सॉर्शियमची नोंदणी जानेवारी १९९१ मधली, पहिली आवृत्ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली. देवनागरीसाठी त्यांनी इस्कीची आधीची, १९८८ ची आवृत्ती समोर ठेवली. फरक एवढाच की जागांची चणचण नसल्याने प्रत्येक लिपीला स्वतंत्र आळी दिली. सोळाच्या पटीत मोजलेल्या या आकड्यांत देवनागरीची आळी ०९०० पासून सुरू होते. त्यात र म्हणजे ०९३०, ऱ म्हणजे ०९३१, ळ म्हणजे ०९३३. इस्कीतला शेजार जसाच्या तसा राहिला.

पण अर्ध्या र ची रीत तशी राहिली नाही. युनिकोडने एक अदृश्य चिन्ह केले होते, शून्य रुंदीचा सांधा. ते हलंतानंतर टाकले की यंत्राला कळते की जोडाक्षर करू नको, अर्धे अक्षरच दाखव. तेव्हा र ला हलंत लावून पुढे हा सांधा टाकला की रफाराऐवजी अर्धा र उमटेल, असे ठरले. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही रीत होती. पुढे इस्कीशी मेळ घालायचा म्हणून ऱ आणि हलंत ही रीत मुख्य मानली गेली. पण युनिकोडचा एक कडक नेम आहे की एकदा दिलेले मोडायचे नाही, नाहीतर आधी लिहिलेला मजकूर बिघडेल. त्यामुळे जुनी रीतही जुळवून घेण्यासाठी ठेवली. युनिकोडच्या ग्रंथात देवनागरीच्या नियमांत दोन्ही शेजारीशेजारी नोंदलेल्या आहेत, पाचवा नियम आणि त्याचा पोटनियम. तिथे या अक्षराला पापणीचा र म्हटले आहे.

आता वऱ्हाड उघडून पाहा. पहिल्या रीतीने व ०९३५, ऱ ०९३१, हलंत ०९४डी, ह ०९३९, काना ०९३ई, ड ०९२१. दुसऱ्या रीतीत ०९३१ च्या जागी ०९३०, आणि हलंतानंतर तो न दिसणारा सांधा, २००डी. आजकाल मजकूर ज्या पद्धतीने साठवतात तीत यातला प्रत्येक आकडा तीन बाइट खातो, म्हणजे पहिला वऱ्हाड अठरा बाइटांचा आणि दुसरा एकवीस.

कागदावर हा करार १९९१ पासूनच्या काही वर्षांत झाला. राजापेठेपर्यंत तो पोचायला आणखी पंधरा-वीस वर्षे गेली. मधल्या काळात इथे दुसरेच राज्य होते. राजकमल चौकाकडून राजापेठेकडे येताना लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले करून देणारी दुकाने लागत. आत पेजमेकर, पुढे कोरलड्रॉ, आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, नाहीतर आकृती, शिवाजी, कृतिदेव असले फाँट. या फाँटमध्ये मराठी अक्षर साठवलेलेच नसे. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी तुकड्याचे चित्र बसवलेले असे. कळ इंग्रजीची दाबायची, दिसायचे मराठी. फाईलमध्ये मात्र इंग्रजीच. फाँट काढून घेतला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग उरायचा. आणि कोणता तुकडा कोणत्या कळेवर, हे प्रत्येक कंपनीचे निराळे. श्रीलिपीत केलेली पत्रिका आकृतीत उघडत नसे.

तरीही त्या ऑपरेटर मंडळींबद्दल मला मोठा आदर आहे. अर्ध्या र चा तुकडा कुठे लपवला आहे हे त्यांना तोंडपाठ असे. ‘समस्त वऱ्हाडी मंडळी’ ही ओळ चुकली तर गिऱ्हाईक प्रूफ परत फेकायचे. मुद्दाम पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे या फाँटमध्ये जसे दिसते तसे टाइप करावे लागे. ‘वि’ लिहायचा तर आधी वेलांटी, मग व. ‘वर्धा’ लिहायचे तर धा झाल्यावर त्याच्या डोक्यावर रफार. अर्धा र मात्र ह च्या आधीच. हात डोळ्याच्या मागे चालायचा.

इथे थायलंडची आठवण होते. थाई लिपी आपल्याच गोतातली. दक्षिणेच्या पल्लव लिपीतून ख्मेर आणि ख्मेरवरून थाई. तिच्यातही एकारासारखे काही स्वर व्यंजनाच्या आधी लिहितात आणि उच्चारतात मात्र नंतर. थायलंडने आपला राष्ट्रीय करार टीआयएस ६२० केला तेव्हा दिसते तसे साठवायचे ठरवले. स्वर डावीकडे दिसतो ना, मग आकडाही आधी. १९९० मधली त्याची सुधारित आवृत्ती युनिकोडने जवळजवळ तशीच उचलली, आणि थाईचा पहिला वर्ण, आपल्या क चा चुलतभाऊ, ०ई०१ या जागी जाऊन बसला. पडद्यावर दाखवणे त्यामुळे सोपे झाले, पण शब्दकोशाच्या क्रमाने शब्द लावायचे तर यंत्राला स्वर-व्यंजनांची अदलाबदल करून मगच क्रम लावावा लागतो. देवनागरीने उलटा मार्ग धरला. ‘वि’मध्ये व आधी साठवायचा आणि वेलांटी नंतर, उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवण्याचे काम यंत्राचे. भाषेच्या दृष्टीने मला हाच मार्ग खरा वाटतो, पण त्याची किंमत होती. ही उलटापालट करणारी यंत्रणा संगणकात असल्याशिवाय युनिकोड मराठी वाचताच येईना.

ती यंत्रणा आणि मराठीची अधिकृत सोय विंडोज २००० मध्ये आली. तिच्याबरोबर आलेला मंगल हा फाँट एका मराठी माणसाने घडवला होता. र. कृ. जोशी, कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक. त्यांनीच पुढे रघू हा मुक्त फाँटही दिला. मंगलमधला ल आणि श हिंदी वळणाचा, म्हणून मराठी वाचकांनी नाके मुरडली. पण तो वाद निराळा आहे. ल चा आकडा तोच, वळण फाँटचे. अर्ध्या र चा प्रश्न आकड्यांचाच होता.

नंतर विंडोज एक्सपी घरोघरी आले तरी युनिकोड मराठी सरळ दिसत नसे. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात बरोबरची खूण करावी लागे आणि वर मूळ सीडी मागितली जाई. त्या चौकोनासमोरच्या इंग्रजी ओळीत गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषा यांचा उल्लेख होता, आणि कंसात थाईचे नाव. मराठीचे नाव नव्हते. राजापेठेतल्या सायबर कॅफेत मराठी नीट दिसावी म्हणून थाईच्या चौकोनावर खूण करायची, हे कुणाला सुचणार? किती तरी संगणकांवर ती खूण कधी झालीच नाही. तिथे वेलांट्या चुकीच्या बाजूला आणि हलंत उघडे पडलेले, अशी मराठी लोकांनी पाहिली आणि ‘युनिकोडमध्ये मराठी नीट येत नाही’ असा समज करून घेतला. तो समज अजून पुरता गेलेला नाही.

मराठीचे दुसरे एक अक्षर याच काळात दारात उभे होते. ॲड., ॲम्ब्युलन्स, ॲसिड यांतला ॲ. तक्त्यात मात्र ऍ होता. मराठी माणूस अ काढून त्यावर चंद्र ठेवायचा आणि काही यंत्रे मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटवायची. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ॲ ला ०९७२ ही स्वतःची जागा मिळाली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र सरकारनेही मराठीची वर्णमाला ठरवून दिली, तीत ॲ आणि ऑ यांना मान मिळाला. अर्ध्या र ला अशी एक स्वतंत्र जागा कधी मिळाली नाही. तो दोन घरांत वाटलेलाच राहिला.

याचा त्रास रोजचा आहे. यंत्राकडे सारखे दिसणारे मजकूर एक करण्याची ठरलेली रीत आहे. ऱ हे अक्षर र आणि नुक्ता असे दोन तुकड्यांत लिहिले तरी त्या रीतीने ते एकच ठरते. पण र, हलंत आणि सांधा हे त्या रीतीत बसत नाही. यंत्राच्या लेखी तो निराळाच मजकूर. म्हणजे एका फाईलमध्ये ‘शेतकऱ्यांना’ एका रीतीने आणि दुसरीत दुसऱ्या रीतीने असेल, तर शोधणारा अर्धेच पाहतो आणि सगळे पाहिले असे समजतो. गोऱ्हे, बिऱ्हाडे, कुऱ्हाडे आडनावाच्या माणसाची यादीत दोन माणसे होऊ शकतात. सांध्याची आणखी एक खोड आहे. ते न दिसणारे चिन्ह असल्याने ‘फालतू चिन्हे काढा’ म्हणून मजकूर साफ करणारे प्रोग्रॅम त्यालाच आधी उडवतात. तो गेला की उरतो रफार, आणि आपल्या मुलखाचे होते वर्हाड. बातम्यांत, फलकांवर, परिपत्रकांत हे रूप दिसते तेव्हा लोक टाइप करणाऱ्याला नावे ठेवतात. पुष्कळदा त्याने बरोबरच लिहिलेले असते.

मग सांध्याची रीत बंदच का करू नये? कारण ती एकट्या मराठीची नाही. नेपाळीत ‘केले’ या अर्थाच्या साध्या क्रियापदाला हाच अर्धा र लागतो आणि तिकडे सांध्याची रीत रुळलेली आहे. काठमांडूचा मजकूर मोडून अकोल्याचा सुधारता येणार नाही. शब्द शोधणाऱ्या, जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही रूपे एक मानावीत, हाच उपाय. मराठीत लिहिणाऱ्याने मात्र ऱ ची रीत धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीत न दिसणारे काही नाही, उडून जाण्यासारखे काही नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबले की ऱ, मग डी दाबून हलंत, मग यू दाबून ह.

अक्षराच्या जागी संकेत ठेवण्याचे वऱ्हाडाला मुळीच नावीन्य नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह, आणि किल्ली पंथातल्या माणसांपाशी. ग्रंथ सुखरूप राहिले, पण बाहेरच्यांना ते शतकानुशतके बंद होते. विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी किल्ली हाती लागल्यावर ते वाचले, तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच मागे सरकला.

राजापेठेतल्या जुन्या हार्ड डिस्कांवर, सीडींवर, बंद पडलेल्या संगणकांत असेच काहीतरी कुलूपबंद पडले आहे. नव्वदीपासूनच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, शाळांचे शताब्दी अंक, वऱ्हाडी कवींचे स्वतःच्या खर्चाने काढलेले संग्रह. सगळे कुठल्या ना कुठल्या फाँटच्या संकेतात. ते युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत, पण प्रत्येक जण अर्धा र आपल्या मर्जीने उतरवतो, कुणी ऱ ने, कुणी सांध्याने. हे काम हाती घेणाऱ्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी पहिली फाईल बदलण्याआधी हे ठरवून घ्यावे. आणि बदललेल्या मजकुरात वऱ्हाड, शेतकऱ्यांना, पऱ्हाटी हे तीन शब्द शोधून पाहावेत.